ख्रिस्तपुराणांतील ब्राह्मणाचा प्रश्न

फादर थॉमस स्टीफन्स ह्यांच्या ख्रिस्तपुराणाचें नांव निघालें कीं आमच्याकडे बहुधा एकाच उताऱ्याची आठवण होते. मराठी भाषेस रत्नांची व फुलांची उपमा देऊन तिची थोरवी गाणाऱ्या त्या ओव्या इतक्यांदा उद्धृत झाल्या आहेत कीं, सुमारें अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ जणूं मराठीच्या स्तुतीसाठींच रचला गेला, असा पुष्कळांचा समज होऊन बसला आहे. परक्यानें आपल्या भाषेचें कौतुक केलें म्हणजे मनास सुख होतें, हें स्वाभाविकच आहे. परंतु त्या सुखांत ग्रंथ मात्र वाचावयाचा राहून जातो. देवास विसरलेला समाज कसा खालावतो आणि तो पुन्हां उपासनेकडे कोणत्या वाटेनें वळतो, हा त्या ग्रंथांतून सारखा वाहणारा विचार आहे. आणि त्याचें बीज पहिल्याच अवस्वरांत एका ब्राह्मणाच्या तोंडीं आलें आहे.

हा कवि जन्मानें इंग्रज. सन १५४९ मध्यें विल्टशर परगण्यांत त्याचा जन्म झाला. १५७९ सालीं जेझुइट संघाच्या कार्यास्तव तो गोव्यास आला आणि पुढील चाळीस वर्षांतील बहुतेक काळ त्यानें साष्टी प्रांतांत घालविला. १६१६ सालीं राचोल येथें हें पुराण छापून निघालें, तेंही रोमन लिपींत. कारण देवनागरीचे खिळे तयार करणें तेव्हां साधलें नव्हतें. पहिल्या पुराणांत सृष्टीच्या उत्पत्तीपासून तारणाऱ्याच्या प्रतीक्षेपर्यंतची कथा आहे, दुसऱ्यांत ख्रिस्तचरित्र आहे. १६१९ मध्यें कवि वारला.

आतां तो प्रश्न पाहूं. रविवारीं मुलांना ख्रिस्ती धर्माची शिकवण देणें चाललें असतां एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीपुढें येतो. त्याचें म्हणणें थोडक्यांत असें: तुम्हीं शिकवितां तें चांगलें आहे, पण आमचीं पूर्वींचीं पुराणें तुम्हीं वारविलीं, तर त्यांच्या जागीं आम्हांस दुसरें पुराण कां करून देत नाहीं? वाचावयास कांहीं असलें तर वेळ सत्कारणीं लागेल, मनाला आधार होईल. ह्या मागणीचें उत्तर म्हणून पाद्री कथा सांगूं लागतो, आणि तेंच हें पुराण.

हा मनुष्य चमत्कार मागत नाहीं, पुरावा मागत नाहीं. तो वाचावयास मागतो. नीतीच्या अवनतीवर बोलणारे उपदेशक, मग ते कोणत्याही धर्माचे असोत, सहसा दुर्गुणांची यादी वाचून दाखवितात: मद्यपान, जुगार, खोटी साक्ष, इत्यादि. ह्या ब्राह्मणाच्या बोलण्यांतून निराळेंच निदान निघतें. दुर्गुण हे मागाहून येतात. आधीं घर रिकामें होतें. ज्या जिभेवर कालपर्यंत कथा होती तिच्यावर आज नुसतीं पाठ केलेलीं प्रश्नोत्तरें आहेत, आणि प्रश्नोत्तरांवर संसार चालत नाहीं. आमच्या मतें ख्रिस्ती साहित्यांत नीतिभ्रंशाची इतकी घरगुती मीमांसा क्वचितच आढळेल.

तिला बायबलांत भक्कम आधार आहे. शास्त्यांच्या पुस्तकांत इस्राएल लोकांचा जो क्रम वर्णिला आहे, तो देवास विसरणें, शत्रूच्या हातीं सांपडणें, धांवा करणें, सुटणें आणि पुन्हां विसरणें असा चक्राकार आहे. परत फिरण्याचे जे मोठे प्रसंग आहेत त्यांच्या मुळाशीं वाचन आहे, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. योशीया राजाच्या कारकीर्दींत मंदिराची डागडुजी चालली असतां विस्मृतींत गेलेलें नियमशास्त्र सांपडतें. तें राजापुढें वाचलें जातें आणि तो आपलीं वस्त्रें फाडतो. बाबिलोनच्या बंदिवासांतून परतलेल्या लोकांना एज्रा चौकांत उभा राहून सकाळपासून दोन प्रहरपर्यंत शास्त्र वाचून दाखवितो, आणि लोक रडूं लागतात. पुराणश्रवणानें अश्रु ढाळणाऱ्या आमच्या समाजास हें दृश्य अपरिचित वाटूं नये.

स्टीफन्स ह्यांनीं हें मर्म ओळखलें, म्हणून त्यांनीं प्रवचन न लिहितां पुराण लिहिलें. मंगलाचरण आहे, ओवी आहे, स्वर्गास वैकुंठ म्हटलें आहे. त्यांच्या मागून झालेल्या एत्येन द ला क्र्वा ह्या फ्रेंच पाद्रीनें पीटर संताचें पुराण रचलें. त्यांत हिंदूंच्या देवदेवतांचें खंडन पानोपानीं आहे. स्टीफन्स भांडतात कमी, सांगतात अधिक. सिद्धांत समजावून देण्यासाठीं कथा थांबते तेथें वाचक कंटाळतो, हें खरें. परंतु कथा पुन्हां चालूं लागली कीं ओवीही मोकळी होते, आणि ख्रिस्ताच्या दुःखभोगाच्या भागांत तर कवि उपदेशकाचा झगा बाजूस ठेवून केवळ भक्त म्हणून बोलतो.

इतकें गुणग्रहण केल्यावर एक गोष्ट बोलल्यावांचून राहवत नाहीं. ब्राह्मणाच्या प्रश्नांत 'तुम्हीं' हा शब्द आहे, आणि त्या शब्दास ग्रंथांत कोठेंही उत्तर नाहीं. गोव्यांत इन्क्विझिशन १५६० मध्यें आलें. १५६७ सालीं राचोलच्या किल्लेदारानें साष्टींतील देवळें पाडविलीं. कुशस्थळीचा मंगेश जुवारी ओलांडून प्रियोळास गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास गेली. ज्यांना जातां आलें ते देवांच्या मागोमाग गेले, उरलेल्यांपैकीं कित्येकांनीं बाप्तिस्मा घेतला. १५८३ सालीं कुंकळ्ळीस पांच जेझुइट मारले गेले, आणि त्याचा सूड म्हणून गांवच्या प्रमुखांना आसोळण्याच्या किल्ल्यांत बोलावून ठार करण्यांत आलें. कुंकळ्ळीच्या ह्या प्रकरणाच्या वेळीं कवि गोव्यांतच होता. घर रिकामें झालें ह्याचें त्याला दुःख आहे, तें भरण्यासाठीं त्यानें आयुष्य वेंचलें. पण तें रिकामें कोणीं केलें ह्याविषयीं तो मौन धरतो.

हें मौन परधर्मीयालाच खटकावें असें नाहीं. ख्रिस्ती दृष्टीनेंही तें उणेंच ठरतें. आमोस संदेष्ट्यानें, उत्सव व यज्ञ यथासांग चालले असतांना, न्यायावांचून केलेली तुमची उपासना देवाला वीट आणते, असें आपल्याच लोकांस बजाविलें. उपासनेकडे परतण्याची हांक ज्याच्या हातीं सत्ता आहे त्यानें प्रथम स्वतःस मारावयाची असते. स्टीफन्स ह्यांनीं बायबलांतील परतण्याची कथा जितक्या तन्मयतेनें सांगितली, तितक्याच धैर्यानें हा सूर त्यांनीं आपल्या काळाविरुद्ध लावला असता, तर ग्रंथ छापण्याची परवानगी मिळाली असती कीं नाहीं, हा प्रश्न अर्थात् निराळा!

पुढें त्याच सत्तेची दृष्टि ह्या भाषेवरही वळली. १६८४ मध्यें पोर्तुगीज विसरेईनें, तीन वर्षांच्या आंत लोकांनीं आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावी, असें फर्मान काढलें. पुराणाच्या १६१६, १६४९ व १६५४ च्या तिन्ही आवृत्त्यांपैकीं एकही प्रत हातीं राहिली नाहीं, असें अभ्यासक सांगतात. ग्रंथ जगला तो हस्तलिखितांवर. कोणींतरी बोरू घेऊन हजारों ओव्या उतरून काढल्या, त्यांच्या प्रती कानडा किनाऱ्यावरील ख्रिस्ती मंडळींनीं सांभाळल्या, आणि त्यांच्या आधारें जोसेफ साल्ढाणा ह्यांनीं १९०७ सालीं मंगळूर येथें रोमन लिपींतच नवी आवृत्ति काढली. शांताराम बंडेलू ह्यांची देवनागरी आवृत्ति येण्यास १९५६ साल उजाडावें लागलें.

सबंध ग्रंथ वाचण्यास ज्यांना सवड नसेल त्यांनीं निदान पहिला अवस्वर तरी घरांत मोठ्यानें वाचावा. मराठीच्या स्तुतीच्या त्या प्रसिद्ध ओव्या त्यांना वाटेंतच भेटतील. त्यांच्यापाशीं न थांबतां ब्राह्मणाच्या बोलण्यापर्यंत जावें.