भात्याची वीण : एका वर्णनाची चिकित्सा

१

भद्रावतीच्या भूतकाळाविषयी जे संशोधन झाले ते मुख्यतः दगडाच्या आधारे झाले. विजासनची लेणी, जुन्या मंदिरांचे अवशेष, विखुरलेल्या मूर्ती यांवर अभ्यासकांची दृष्टी खिळून राहिली. एकोणिसाव्या शतकात अलेक्झांडर कनिंगहॅमने भांदक हीच ह्युएनत्संगाने पाहिलेली कोसलाची राजधानी असे मत मांडले आणि पुढील चर्चा त्या मताच्या बाजूने किंवा विरुद्ध चालत राहिली. हे स्वाभाविकच होते. दगड टिकतो, म्हणून त्याचा अभ्यास होतो. परंतु याच गावापासून पूर्वेकडे जे अरण्य सुरू होते आणि पुढे गडचिरोलीच्या दिशेने पसरत जाते, त्यातील मानवी व्यवहाराची बहुतेक साधने बांबूची, लाकडाची, दोराची आणि कातड्याची होती. बांबूला कीड लागते, ओल लागते, वाळवी लागते. वस्तू गेल्यावर तिच्या जागी तिचे वर्णन तेवढे उरते. अशा वस्तूंच्या बाबतीत वर्णन हाच शिलालेख होय. आणि शिलालेखाची जी चिकित्सा आपण करतो तीच वर्णनाचीही केली पाहिजे.

प्रस्तुत लेखात अशा एकाच वस्तूच्या एकाच वर्णनाचा विचार करावयाचा आहे. वस्तू म्हणजे शिकाऱ्याचा बांबूचा विणीव भाता. वर्णन आहे रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या मध्यप्रांतातील जाती-जमातींवरील चार खंडांच्या ग्रंथातील (१९१६). त्या काळी चांदा जिल्हा, म्हणजे आजचे चंद्रपूर व गडचिरोली, मध्यप्रांतातच मोडत होता आणि या ग्रंथाचा आधार घेतल्याशिवाय या भागावरील अभ्यासकाचे आजही पाऊल पुढे पडत नाही.

२

मूळ वर्णनाकडे वळण्यापूर्वी शब्दाकडे पाहणे अवश्य आहे. मराठीत ‘भाता’ हा शब्द दोन वस्तूंना लागतो : लोहाराच्या फुंकणीच्या यंत्राला आणि बाण ठेवण्याच्या पात्राला. दोन्हींचे मूळ संस्कृत ‘भस्त्रा’ या शब्दात आहे आणि भस्त्रा म्हणजे कातड्याची पिशवी. म्हणजे शब्द उच्चारताच आपण नकळत कातडे गृहीत धरतो. फारसीतून आलेला ‘तरकस’ हा शब्द पदार्थाविषयी काहीच सांगत नाही, आणि ‘तूणीर’ काव्यात गेल्यामुळे त्याला पदार्थच उरलेला नाही.

काव्यातील भात्याचा एकच गुण सांगितला जातो, तो म्हणजे त्यातील बाण संपत नाहीत. खांडववनाच्या दाहाच्या वेळी अर्जुनाला वरुणाकडून गांडीवाबरोबर दोन अक्षय भाते मिळाले, ही कथा सर्वपरिचित आहे. तो भाता कशाचा होता, त्याला बूड कसे होते, तो खांद्यावर कसा अडकविला जाई, हे प्रश्न त्या कथेला पडत नाहीत आणि पडण्याचे कारणही नाही. परंतु या परंपरेने आपल्याला एक सवय लावली : भात्याचे मोल त्यातील बाणांच्या संख्येवर करावयाचे. ही सवय काव्यातून शास्त्रीय म्हणविणाऱ्या वर्णनातही कशी उतरते हे आता पाहू.

३

रसेल व हिरालाल यांच्या दुसऱ्या खंडात भिल्लांवर प्रकरण आहे. भिल्ल हे मुख्यतः निमाड-खानदेशकडचे, चांद्याचे नव्हेत. तथापि विणीव भात्याचा उल्लेख येथे स्पष्ट आहे म्हणून तो घेतला आहे. उल्लेखाचा आशय असा : धनुष्य बांबूचे, दोरी बांबूच्याच चिवट सालीची; भाता म्हणजे बांबूच्या मजबूत चटईचा एक तुकडा; त्यात एक वार लांबीचे साठ काटेरी बाण मावत; बाणाचे लोखंडी टोक एकतर सुरीसारखे चपटे किंवा खिळ्यासारखे गोल; पक्षी पाडण्याचे बाण वेगळे, बोंडाच्या टोकाचे. लगेच पुढे हे सशस्त्र भिल्ल रस्त्याकडेच्या घळीत दबा धरून वाटसरूंवर कसे तुटून पडत, याचे चित्र येते.

या वर्णनातील एका शब्दाचे श्रेय आधी दिले पाहिजे. ‘चटई’ हा शब्द फार मोलाचा आहे. कातड्याचे आपले गृहीत तो एका फटक्यात मोडतो. शिवाय तो बनावटीचा एक विशिष्ट प्रकार सांगतो. बांबूचे पोकळ पात्र विणण्याच्या दोन रीती आहेत. एकीत सपाट चटई विणून ती गुंडाळतात आणि कडा एकत्र शिवतात. अशा पात्राला उभा सांधा येतो व बूड वेगळे बसवावे लागते. दुसरीत टोपलीप्रमाणे बुडाच्या कामट्या एकमेकींवर आडव्या-उभ्या मांडून, त्यांचीच टोके वर वळवून त्यांभोवती गोल वीण चालवितात. येथे सांधा नसतो आणि बूड व भिंत एकाच सामानाची होते. या रीतीत एकच पाती ‘एक उचल, एक दाब’ अशी अखंड फिरवावयाची असेल, तर उभ्या कामट्यांची संख्या विषम ठेवावी लागते. सम असल्यास दुसऱ्या फेरीत पाती पहिल्याच मार्गाने जाते आणि वीण पडत नाही. ‘चटईचा तुकडा’ या शब्दांवरून वर्णनातील भाता पहिल्या प्रकारचा ठरतो. एवढे अनुमान निघू शकते हे वर्णनाचे यश होय.

अपयश त्यानंतर सुरू होते. साठ बाण मावत, असे म्हटले आहे. माप दिलेले नाही. आपण हिशेब करून पाहू. काडीची जाडी ८ मिलिमीटर धरली तर साठ काड्यांचा छेद सुमारे ३० चौरस सेंटिमीटर होतो. मधल्या फटी धरून ४०. एवढ्याला ७ सेंटिमीटर व्यासाचे पात्र पुरेल. पण बाण काटेरी आहेत. टोकाची रुंदी २ सेंटिमीटर धरली आणि टोके एकमेकांत अडकू नयेत अशी प्रत्येकाला जागा दिली, तर व्यास १८ सेंटिमीटरच्या घरात जातो. पहिला भाता मनगटाहून थोडा जाड, दुसरा घागरीच्या तोंडाएवढा. या दोन वस्तूंमध्ये चटईची रुंदी, बुडाची बांधणी, खांद्यावरचा पट्टा, चालण्याची ढब, सारेच बदलते. बाण टोक खाली करून ठेवीत की वर, हेही सांगितलेले नाही. टोक खाली असेल तर काटे विणीत अडकणार आणि बूड दुहेरी हवे. टोक वर असेल तर हात घालताना बोटे फाटणार. संख्या दिल्याने वर्णन नेमके वाटते, पण संख्येखेरीज हाती काही लागत नाही. अक्षय भात्याची सवय येथे साठ या आकड्याच्या रूपाने परत आली आहे.

आणखी एक गोष्ट. एक बाण ३० ते ४० ग्रॅमचा धरला तरी साठ बाणांचे ओझे सुमारे २ किलोग्रॅम होते. दाट झुडपात नि:शब्द चालणाऱ्या शिकाऱ्याला हे ओझे आणि त्याचा खडखडाट दोन्ही अडचणीचे. पक्ष्यांच्या बाणाचा उल्लेख शिकारीकडे बोट दाखवितो, परंतु साठांचा भाता आणि लगेच येणारी घळीतली झडप वाचकाला लुटीकडे नेतात. शिकारीच्या साधनाचे वर्णन दरोड्याच्या कथेचे पूर्वांग म्हणून आले आहे. वस्तूचे माप न देता तिचा धाक दिला गेला, हा या उताऱ्याचा खरा दोष होय.

४

ग्रंथाच्या रचनेचाही एक परिणाम लक्षात घेण्याजोगा आहे. त्याच दुसऱ्या खंडात बसोर अथवा बुरूड या बांबूकाम करणाऱ्या जातीवर स्वतंत्र प्रकरण आहे. जमाती व जाती वर्णानुक्रमाने मांडल्यामुळे वापरणारा एका प्रकरणात गेला आणि विणणारा दुसऱ्यात. भाता भिल्लाने स्वतः विणला की बुरडाकडून घेतला, हा प्रश्न त्या दोन प्रकरणांच्या मधल्या जागेत पडून राहतो. जातवार नोंदीत वस्तूला घर नसते. पुढे १९५१ मध्ये व्हेरिअर एल्विन यांनी मध्य भारतातील आदिवासी कलेवर ग्रंथ लिहिला तेव्हा वस्तूला प्रथमच मानाचे स्थान मिळाले; परंतु तेथील प्रेम कंगवे, मुखवटे, भित्तिचित्रे अशा सजविलेल्या वस्तूंकडे ओढ घेते. ज्याचे सौंदर्य केवळ त्याच्या विणीच्या सारखेपणात आहे असा साधा भाता दोन्ही दृष्टींतून निसटतो.

मग चांगले वर्णन कोणते? आमच्या मते कसोटी एकच आहे : ते वाचून जाणत्या कारागिराला वस्तू पुन्हा करता आली पाहिजे. या कसोटीला उतरावयाचे तर वर्णनाची सुरुवात झाडापासून करावी लागेल. प्रथम पदार्थाचे नाव. मराठीत अशा वस्तूंना सरसकट ‘वेताची’ म्हणण्याची प्रथा आहे. पण वेत ही भरीव, वेलीसारखी चढणारी ताडवर्गीय वनस्पती, आणि बांबू हे गवत. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात मुख्य बांबू म्हणजे वनखाते ज्याला मानवेल म्हणते तो डेंड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टस. ओढ्याकाठी काटेरी कटांग. मानवेल जाड भिंतीचा, कोरड्या जमिनीत जवळजवळ भरीव. त्याच्या कामट्या काढण्याचे काम वेताच्या कामाहून सर्वस्वी निराळे. त्यानंतर वय : एका वर्षाच्या आतील कोवळ्या बांबूला कीड लवकर लागते, फार जून झालेला चिरताना मोडतो, दोन-तीन वर्षांचा योग्य. त्यानंतर हंगाम : पावसाळ्यानंतर थंडीत तोडलेला बांबू अधिक टिकतो. त्यानंतर चिरणे : निम्म्याचे निम्मे असे चिरत जातात, कारण मध्य सोडून घातलेली चीर एका अंगाला पळते, ती पळू लागताच जाड बाजू वाकवून तिला पुन्हा मध्यावर आणतात. मग बाहेरची साल आणि आतला गर वेगळा करणे. बळ सालीत, किडीचे भक्ष्य गरात. मग वीण, तिची घनता, बूड, आतून-बाहेरून दोन कड्या घालून बांधलेला काठ, पट्टा, आणि शेवटी चुलीवरच्या धुरात ठेवून आणलेला टिकाऊपणा. यांतील प्रत्येक पायरीवर कारागीर एक निर्णय घेत असतो. निर्णयांची नोंद नसलेले वर्णन हे वस्तूच्या सावलीचे वर्णन होय.

छायाचित्राने हे काम भागेल असा आक्षेप येईल. छायाचित्र विणीचा चेहरा दाखविते; कोणती कामटी आधी बसली, साल बाहेर होती की आत, बांबू किती वर्षांचा होता, हे दाखवीत नाही. चलच्चित्रातही हाताचा वेग दिसतो, हाताने नाकारलेली कामटी का नाकारली ते ऐकू येत नाही. त्यासाठी शब्दच लागतात, आणि ते शब्द कारागिराच्या तोंडचे असावे लागतात. गोंडी किंवा माडिया बोलणाऱ्याला प्रश्न मराठीत विचारून उत्तर मराठीत लिहिले, तर नोंद आपल्याच शब्दकोशाची होईल.

५

हा प्रश्न केवळ ग्रंथालयाचा नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने शिकार बंद झाली. २००६ च्या वनहक्क अधिनियमाने बांबूचा समावेश गौण वनोपजात केला आणि त्यावरील हक्क वननिवासींना दिला. मात्र त्याच अधिनियमाने शिकारीचा हक्क स्पष्टपणे वगळला. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. म्हणजे भात्याचा बांबू मोकळा झाला, पण त्या आधीच भात्याचे प्रयोजन निषिद्ध ठरले होते. वन्यजीवांचे रक्षण आवश्यक आहे, त्याविषयी दुमत नाही. परंतु प्रयोजन गेलेल्या वस्तूची विद्या एका पिढीत जाते, हेही तितकेच खरे.

यातून अभ्यासकावर दोन बंधने येतात. पहिले, नोंद बनावटीची करावी, शिकारीची नव्हे; कारागिराचे नाव आणि मारलेल्या जनावराचे नाव एका ओळीत लिहिणारा संशोधक त्याला न्यायालयाच्या दारात उभा करू शकतो. १९१६ च्या लेखकांनी भात्याशेजारी दरोडा ठेवला. आपण त्याच्याशेजारी गुन्हा ठेवू नये. दुसरे, नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयासारख्या जुन्या आणि पुण्याच्या आदिवासी संशोधन संस्थेसारख्या नंतरच्या संग्रहांत जेथे जेथे विणीव वस्तू आहेत, तेथे त्यांच्या नोंदपत्रावर जमात आणि जिल्हा यांच्या जोडीला बांबूची जात, उभ्या कामट्यांची संख्या, वीण व बूड यांचे रकाने असावेत. भद्रावतीच्या लेण्यांची मापे आपण इंचाइंचाने घेतली आहेत. कामट्या मोजण्यास एक तास पुरतो. मात्र ती वस्तू मोजता येण्याजोगी असेतोवरच तो तास उपयोगी आहे.