कॅमेऱ्याला दिसतं, पण धावून कोण येतं?

आज आपण नागपूरच्या सुरक्षिततेच्या योजनांकडे जरा चिकित्सकपणे पाहणार आहोत. कौतुकाची भाषणं पुष्कळ होतात, म्हणून आज थोडी उलटतपासणी.

सुरुवात 13 ऑगस्ट 2004 पासून करू. त्या दिवशी नागपूरच्या जिल्हा न्यायालयात, भर कोर्टात, अक्कू यादव नावाच्या गुंडाला जमावानं ठार मारलं. जमावात मुख्यतः कस्तुरबानगरच्या बायका होत्या. वस्तीचं म्हणणं असं की बलात्कार, खंडणी, मारहाण हे वर्षानुवर्षं चाललं होतं आणि तक्रारींची दाद लागत नव्हती. त्या दिवशी त्याच्या जामिनाची सुनावणी होती, आणि तो सुटून पुन्हा वस्तीत येणार ही धास्ती होती. पुढे 2014 मध्ये पुराव्याअभावी आरोपींची मुक्तता झाली. या हत्येचं समर्थन आम्ही करत नाही. पण एक गोष्ट नीट लक्षात घ्या. कस्तुरबानगरात गुन्हेगार कोण, हे सगळ्यांना ठाऊक होतं. कमतरता माहितीची नव्हती. तक्रार केल्यावर कुणी येईल, हा भरवसा नव्हता.

आता पुढच्या काळात शहरानं काय केलं ते पाहा. सप्टेंबर 2016 मध्ये नागपूरची स्मार्ट सिटी योजनेत निवड झाली. त्याच सुमारास लार्सन अँड टुब्रोकडे सुमारे 520 कोटींचा प्रकल्प गेला. चौकाचौकांत साडेतीन हजारांच्या आसपास कॅमेरे बसले, सिव्हिल लाइन्समध्ये नियंत्रण कक्ष उभा राहिला. कॅमेऱ्यांचा उपयोग नाही असं कुणी म्हणू नये. ठोकर मारून पळालेली गाडी, सोनसाखळी ओढणारे दुचाकीस्वार, यांचा माग काढायला ते चित्रण कामी येतं. पण हे सगळं गुन्हा घडून गेल्यानंतरचं झालं ना! गुन्हा टळतो का, हा प्रश्न वेगळा आहे. ब्रिटनच्या गृहखात्यासाठी मार्टिन गिल आणि अँजेला स्प्रिग्ज यांनी केलेला अभ्यास 2005 मध्ये आला. त्यात बहुतेक ठिकाणी कॅमेऱ्यांमुळे गुन्हे ठळकपणे घटल्याचं दिसलं नाही. वाहनतळांवर परिणाम बरा होता, कारण तिथे जागा बंदिस्त असते. वस्ती काही वाहनतळासारखी नसते.

दुसरं हत्यार म्हणजे तडीपारी. महाराष्ट्र पोलीस कायद्याखाली जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी माणसाला हद्दीबाहेर काढता येतं. त्यानं वस्तीला श्वास घ्यायला उसंत मिळते, हे खरं. पण तो माणूस वर्ध्याला नाहीतर भंडाऱ्याला जाऊन राहतो, आणि मुदत संपली की परत येतो. ऑगस्ट 2021 मध्ये गंगा-जमुना वस्तीला कठडे लावून ती बंद केली, तेव्हाही प्रश्न हाच होता: तिथल्या बायकांनी जायचं कुठे? हद्दीबाहेर ढकललेला प्रश्न सुटलेला नसतो, तो फक्त आपल्या हिशेबातून जातो.

आता मुद्द्याचं. पोलीस हा राज्यसूचीतला विषय. नागपूरचे पोलीस आयुक्त गृहखात्याला उत्तर देतात, महापालिकेला नाही. मग महापालिकेच्या हातात काय? 74व्या घटनादुरुस्तीनं आलेल्या बाराव्या अनुसूचीत 18 विषय आहेत. त्यात पथदिवे आहेत, बसथांबे, सार्वजनिक स्वच्छतागृहं, झोपडपट्टी सुधारणा, बागा आणि मैदानं आहेत. यातली एकेक गोष्ट सुरक्षिततेचीच आहे बरं का! न्यूयॉर्कमध्ये 2016 मध्ये काही सार्वजनिक वसाहतींत जादा दिवे लावून पाहिले. तिथले रात्रीचे, घराबाहेरचे गंभीर गुन्हे सुमारे एकतृतीयांशानं घटल्याचं संशोधकांना आढळलं. म्हणजे पालिकेच्या खात्यातलं साधं काम.

आमची तक्रार इथे आहे. जे काम पालिकेचं, त्यात मिरवण्यासारखं काही नाही. जे मिरवता येतं, त्याचा वापर पोलिसांच्या हाती. आणि जबाब विचारायचा कुणाला? मार्च 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपली, त्यानंतर काही वर्षं प्रशासकाचा कारभार राहिला. म्हणजे त्या काळात बंद दिव्याबद्दल सभागृहात आवाज उठवायला नगरसेवकही नव्हता.

म्हणून आमचं मागणं अगदी साधं आहे. प्रभागवार यादी लावा: कुठला दिवा बंद, तो किती दिवसांनी सुरू झाला, बायकांसाठीचं स्वच्छतागृह रात्री किती वाजेपर्यंत उघडं असतं. पोलिसांनीही फोन आल्यापासून गाडी पोचेपर्यंतची मिनिटं ठाणेवार जाहीर करावीत. बर्डीची आणि कस्तुरबानगरची मिनिटं शेजारी-शेजारी छापा. त्या दोन आकड्यांत जेवढा फरक निघेल, तेवढं काम शिल्लक आहे असं समजू.

चला, आता तुमचे प्रश्न घेऊ. आणि तुमच्या गल्लीतले दिवे आज रात्री मोजून ठेवा, पुढच्या वेळी त्यावर बोलू.