पाक्सिमादी, कडक भाकरी आणि 'व्हीगन परंपरा' नावाचा घोळ

प्रवासावर लिहिणाऱ्यांचं हल्ली एक आवडतं वाक्य आहे : ग्रीसमध्ये व्हीगन माणसाला काही अडचण नाही, कारण तिथलं पारंपरिक जेवण मुळातच व्हीगन आहे. आपल्याकडेही त्याची आवृत्ती निघाली आहे. भाकरी, शेंगा चटणी, ठेचा. म्हणजे सोलापूरचं ताट पहिल्यापासून व्हीगनच. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं, तेव्हापासून तर हे फारच ऐकू येतं.

जेवायला काय मिळेल एवढाच प्रश्न असेल तर दोन्ही वाक्यं बऱ्यापैकी कामाची आहेत. पण हीच वाक्यं सिनॉप्सिसच्या पहिल्या पानावर 'पारंपरिक आहार वनस्पतीजन्य होता' अशी येऊन बसतात, आणि मग गडबड होते. पेट, नेट करून विषय शोधणाऱ्यांसाठी म्हणून हे जरा उकलून पाहू.

आधी पदार्थ. क्रीट बेटावर पाक्सिमादी नावाचा जवाचा, दोनदा भाजलेला कडक पाव असतो. ओलावा काढून टाकल्यामुळे तो खूप दिवस टिकतो. मेंढपाळ, खलाशी तो बरोबर न्यायचे आणि पाण्यात भिजवून खायचे. त्यावर टोमॅटो, ऑलिव्ह तेल आणि चीज घातलं की त्याचा दाकोस होतो. आपली कडक भाकरी याच घराण्यातली. ज्वारीची पातळ भाकरी, पाण्याचा अंश जाईपर्यंत वाळवलेली, पापडासारखी मोडणारी. एसटीत, रेल्वेत, वारीत कुठेही न्या, खराब होत नाही. सोबत शेंगा चटणी : भाजलेले दाणे, लसूण, लाल तिखट, मीठ, आणि तेल सुटेपर्यंत कुटणं. दूध-तुपाचा संबंध नाही. प्रवासी व्हीगनसाठी याहून सोयीचा डबा मला तरी माहीत नाही. (शेंगदाणा आणि मिरची दोन्ही अमेरिका खंडातून आलेली, दाकोसवरचा टोमॅटोही तिथलाच. 'पारंपरिक' हा शब्द किती मागे जातो, हेही एकदा विचारून घ्यावं.)

आता शब्द, कारण खरी गंमत इथे आहे. ग्रीसमध्ये व्हीगन माणसाला सांगतात की हॉटेलात 'निस्तीसिमो' आहे का विचार. निस्तीसिमो म्हणजे उपासाला चालणारं. ऑर्थोडॉक्स चर्चचे उपासाचे दिवस वर्षाला साधारण १८० ते २०० भरतात आणि त्या दिवसांत मांस, अंडी, दूध, चीज वर्ज्य. म्हणून तिथे तेलात शिजवलेल्या भाज्यांचे 'लादेरा', वाटाण्याच्या जातीच्या पिवळ्या डाळीचा फावा, भाताचं सारण भरलेली द्राक्षाची पानं, रव्याचा हलवा असे पदार्थ भरपूर आहेत. पण निस्तीसिमोत कोळंबी, माकूळ, ऑक्टोपस चालतात, कारण त्यांना रक्त नाही असं मानलं जातं. मधही चालतो. उलट कडक उपासाच्या दिवशी ऑलिव्ह तेलसुद्धा चालत नाही. म्हणजे हा वर्ग व्हीगनपेक्षा एकीकडे सैल आणि दुसरीकडे घट्ट आहे.

हाच प्रयोग सोलापुरात करा. 'उपासाचं आहे का' विचारलंत तर भाकरी जाईल आणि समोर साबुदाण्याची खिचडी येईल, वर साजूक तूप, बाजूला दही. आपल्या उपासात वर्ज्य आहे ते धान्य. दूध तर उपासाचा आधार. 'जैन' म्हणालात तर कांदा-लसूण जाईल, तूप राहील. 'शुद्ध शाकाहारी' म्हणजे तर दुधातुपाची रेलचेल. व्हीगनसाठी आपल्या भाषेत तयार कप्पाच नाही, पदार्थ मात्र ढीगभर आहेत. माझी एक व्हीगन मैत्रीण फील्डवर्कसाठी अक्कलकोट भागात आली होती. तिने दोन दिवसांत पद्धत शोधून काढली : नाव घ्यायचंच नाही, सरळ विचारायचं, "मावशी, यात दूध, दही, ताक, तूप, लोणी काय पडतं?" येळवशीला शेतात बसून जेवली तेव्हा भज्जी आणि बाजरीचे उंडे तिला चालले, आंबील चालली नाही. आंबिलीत ताक असतं.

संशोधनाच्या भाषेत सांगायचं तर अभ्यासकाचा वर्ग आणि लोकांचा वर्ग वेगळे असतात. प्रश्नावलीत 'तुम्ही शाकाहारी आहात का' असं एकच खूण करायचं खोकं ठेवलंत, की ताक पिणारी आणि न पिणारी एकाच रांगेत बसली.

आता त्या गाजलेल्या अभ्यासांकडे वळू. मिनेसोटा विद्यापीठाच्या अ‍ॅन्सेल कीज यांचा 'सात देशांचा अभ्यास' १९५८ मध्ये सुरू झाला. ४० ते ५९ वयाचे १२,७६३ पुरुष, वर्षानुवर्षं पाठपुरावा, हृदयविकाराची नोंद. त्यात क्रीटचे पुरुष फार निरोगी निघाले, आणि 'भूमध्य आहार' जगप्रसिद्ध झाला. २०१० मध्ये युनेस्कोने तो सांस्कृतिक वारशाच्या यादीतही घेतला. एवढा दीर्घ पाठपुरावा करणं हे मोठंच काम, ते मी कमी लेखणार नाही. पण आहाराचं मोजमाप पाहा. प्रत्यक्ष घरात जाऊन अन्न वजन केलं ते क्रीटमधल्या सुमारे तीसेक पुरुषांचं, आणि त्यातली एक फेरी ईस्टरआधीच्या मोठ्या उपासाच्या काळात पडली. कडक उपास करणारे फारसे दिसले नाहीत, असं कीज यांच्या गटाचं म्हणणं. २००५ मध्ये सारी आणि काफातोस यांनी एका पत्रात ग्रीसमधलं काम पाहणाऱ्या अरावानिस यांचा हवाला देऊन लिहिलं की सहभागींपैकी ६० टक्के उपास पाळत होते. दोन्ही विधानं एकाच गावांबद्दल. मग आपण ज्याला क्रीटचा 'नेहमीचा आहार' म्हणतो, त्यात चर्चचं कॅलेंडर किती मिसळलंय? आणि नमुन्यात एकही बाई नाही. चूल जिच्या हातात आणि घरचे उपास जी सांभाळते, तिचं ताट मोजलंच नाही.

माझ्या मते याहून महत्त्वाचं पुस्तक आधीचं आहे आणि ते फार कमी वाचलं जातं. लेलँड ऑलबॉ यांनी रॉकफेलर फाउंडेशनसाठी १९४८ मध्ये क्रीटची पाहणी केली. पुस्तक १९५३ साली आलं. पदार्थांची यादी ओळखीची : धान्य, कडधान्य, रानभाज्या, ऑलिव्ह, फळं, आणि अगदी थोडं मांस-दूध. पण ऑलबॉ यांनी एक जास्तीचा प्रश्न विचारला : तुम्ही या जेवणावर समाधानी आहात का? सहापैकी जेमतेम एका कुटुंबाने हो म्हटलं. सर्वात आवडीचं काय, तर ७२ टक्के कुटुंबांनी मांसाचं नाव घेतलं. महायुद्ध आणि जर्मन ताबा नुकताच संपला होता. जगाने ज्याला आदर्श ताट म्हटलं, ते खाणाऱ्यांना त्यातून सुटका हवी होती.

हे वाचताना सोलापूर आठवल्याशिवाय राहत नाही. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेतून आलेला लाल मिलो मिळायचा, दुष्काळी कामांवर सुकडी वाटायचे. त्या पिढीतल्या कुणाला तुमचा आहार वनस्पतीजन्य होता असं सांगून बघा! कोरड्यास नाही म्हणून चटणी, तूप परवडत नाही म्हणून तेल, मटण सणाला किंवा जत्रेला. हाती चार पैसे आले की सोलापुरात आधी मटणच आलं, आणि ते इथल्या परंपरेचा तेवढाच भाग आहे. टंचाईचं ताट आणि निवडीचं ताट वजनकाट्यावर सारखं भरतं. फरक विचारल्यावरच कळतो.

यात आरोग्याचाही प्रश्न आहे, म्हणून इतकं ताणतोय. बी-१२ जीवनसत्त्व वनस्पतीजन्य अन्नातून भरवशाने मिळत नाही. जुन्या ताटात रोजचं वाटीभर ताक किंवा दही थोडं का होईना ते पुरवत होतं. 'आपली परंपरा व्हीगनच' या विश्वासावर होस्टेलमधल्या एखाद्याने तेही सोडलं आणि गोळी वा पूरक आहार घेतला नाही, तर परंपरा त्याच्या मज्जातंतूंचं रक्षण करणार नाही. व्हीगन होण्याला माझा विरोध नाही. प्राण्यांसाठी किंवा पर्यावरणासाठी कुणी जाणीवपूर्वक ते निवडत असेल तर तो विचार स्वतःच्या पायावर उभा राहू शकतो, त्याला आजीच्या गरिबीचा दाखला कशाला?

कुणी सोलापूरच्या आहारावर काम करणार असाल तर चोवीस तासांचं आहार-स्मरण एकाच भेटीत उरकू नका. साधा दिवस, एकादशी, आठवडी बाजाराचा दिवस, आणि जमल्यास येळवस. घरातल्या बाईचं ताट वेगळं नोंदवा, ती शेवटी जेवते. आणि ऑलबॉ यांचा प्रश्न प्रश्नावलीत नक्की ठेवा. गाइड म्हणतील हा पोषणशास्त्राचा प्रश्न नाही. तेव्हा ते ७२ टक्के दाखवा.