बांधकाम सुरक्षा-निरीक्षणाचा प्राधान्यक्रम : बीड जिल्ह्याच्या संदर्भात एक चिकित्सा

बांधकाम क्षेत्रातील सुरक्षा-निरीक्षणाचा कायदेशीर विचार प्रामुख्याने कामाच्या आकारमानावर आधारलेला आहे. १९९६ च्या इमारत व इतर बांधकाम कामगार अधिनियमाने स्वतःच्या निवासासाठीचे १० लाख रुपयांपर्यंतचे बांधकाम वगळले होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने ही मर्यादा ५० लाखांवर नेली. दहापेक्षा कमी कामगारांची कामे पूर्वीप्रमाणेच कक्षेबाहेर राहिली.

ऑगस्ट २०२३ मध्ये शहापूरजवळ समृद्धी महामार्गाच्या कामावर गर्डर-यंत्र कोसळून २० जणांचा मृत्यू झाला. अशा प्रकल्पांवर नजर हवीच, याविषयी दुमत नाही. परंतु बीड जिल्ह्यात ऊसतोडीहून परतलेला मजूर घराच्या स्लॅबवर किंवा विहिरीच्या खोदकामावर बिगारी म्हणून जातो. ढासळणारा काठ, कच्ची परांची, डोक्यावरील वीजतार यांचा धोका बांधकामाचा खर्च कमी असल्याने कमी होत नाही.

धोक्याऐवजी खर्च व संख्या मोजणारा हा प्राधान्यक्रम म्हणूनच सदोष ठरतो. खोली, उंची आणि विजेचे सान्निध्य हे निकष मानून स्थानिक बांधकाम परवानगीशीच सुरक्षा-तपासणी जोडणे अगत्याचे आहे. अन्यथा सर्वांत असुरक्षित कामगारच कायद्याच्या दृष्टीआड राहील.