रॉकफॉरेस्टचा पाइन आणि जनुकांची साक्ष

आयर्लंडमधला पाइन हा इथला मूळचा वृक्ष की स्कॉटलंडहून आणून लावलेला, या जुन्या वादावर 2024 मध्ये ‘बीएमसी इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन’ या नियतकालिकात एक महत्त्वाचा निबंध प्रसिद्ध झाला. बेल्टन, क्यूब्री, रोश आणि केलेहर हे त्याचे लेखक. माझे शिक्षण अभियांत्रिकीचे, पोटापाण्याचा उद्योग सॉफ्टवेअरचा. पण मोजमापावरून निष्कर्ष कुठवर न्यावा हा प्रश्न सर्वच शास्त्रांना सारखा, आणि त्या अंगाने हा निबंध तपासून पाहण्याजोगा आहे.

आधी थोडी पूर्वपीठिका. हिमयुग ओसरल्यावर स्कॉट्स पाइन, म्हणजे आपल्या हिमालयातल्या चिडाचा भाऊबंद, आयर्लंडभर पसरला. सुमारे 4,000 वर्षांपूर्वी त्याला उतरती कळा लागली. पीटची दलदल वाढली, माणसाची कुऱ्हाडही चालली. इ. स. 400 च्या सुमारास तो इथून नाहीसा झाला असे मानले जाई. पीट कापताना त्याचे जुने बुंधे आजही मुळांसकट निघतात. आज दिसणारे बहुतेक पाइन स्कॉटलंडच्या बियाण्यातून लावलेले, नाहीतर त्यांच्या बियांतून आपोआप उगवलेले.

अपवाद असावा तो क्लेअर परगण्यात, बरनच्या चुनखडी माळाजवळच्या रॉकफॉरेस्टचा. ट्रिनिटी कॉलेजच्या मॅक्गीव्हर आणि मिचेल यांनी 2016 मध्ये तिथल्या गाळातले परागकण थराथराने मोजून सांगितले, की पाइन तिथे सुमारे 1,600 वर्षे सलग तग धरून आहे. शंकेला जागा होती, कारण पाइनचे पराग वाऱ्यावर शेकडो किलोमीटर जातात. म्हणून जनुकांची साक्ष काढणे ओघानेच आले.

2024 च्या निबंधात आयर्लंडमधल्या 19 ठिकाणच्या पाइनची तपासणी आहे. डीएनएवरच्या 28 जागा पाहिल्या: मायटोकाँड्रियातल्या 2, क्लोरोप्लास्टमधल्या 8 आणि पेशीकेंद्रातल्या 18. ही निवड मार्मिक आहे. पाइनमध्ये मायटोकाँड्रिया आईकडून, म्हणजे बीमधून येतो. क्लोरोप्लास्ट बापाकडून, परागातून. बी जवळ पडते, पराग लांब उडतो. एकाच झाडात दोन वेगळ्या प्रवासांची नोंद सापडते म्हणा ना!

निष्कर्ष असे: मायटोकाँड्रियाचा प्रकार सगळ्या आयरिश झाडांत एकच, आणि तोच वायव्य युरोपात सर्वाधिक आढळणारा. उरलेल्या दोन्हींत वैविध्य भरपूर. ठिकाणा-ठिकाणांतला फरक मात्र दोन टक्क्यांहून कमी. युरोप खंडावरच्या पाइनपासून आयरिश पाइन वेगळा उठून दिसतो. सबब आयरिश आणि स्कॉटिश पाइन हा एकच जनुकसंच, आणि पुन्हा आणून लावलेला पाइनही देशी मानून सांभाळावा, या आधीच्या सूचनेला आता जनुकांचाही आधार मिळाला, असे लेखक म्हणतात.

काम नेटके आहे. आयरिश पाइनचे असे जनुकीय वर्णन प्रथमच झाले. माझी हरकत शेवटच्या पायरीला आहे. एखाद्या तक्त्यात एका रकान्यातली किंमत सर्व ओळींत सारखीच असेल, तर तो रकाना ओळी वेगळ्या करायला कामाचा नाही. मायटोकाँड्रियाचे इथे तेच झाले. बरे, रॉकफॉरेस्टची झाडे खरोखर मूळची असतील आणि स्कॉटिश पाइनची जवळची नातलग असतील, तर ती अशीच दिसतील. शे-दोनशे वर्षांपूर्वी स्कॉटलंडहून आलेल्या झाडांची वंशज असतील, तरीही अशीच दिसतील! वैविध्याचेही तेच. इतकी शतके एका कोपऱ्यात मूठभर झाडे उरली असती, तर वैविध्य घटलेले दिसायला हवे होते. ते घटले नाही, याचा अर्थ झाडे मूठभर नव्हती असा होईल किंवा आसपासच्या लागवडीचा पराग मिसळला असाही होईल. जी चाचणी दोन्ही शक्यतांना सारखेच उत्तर देते, ती कोणाच्याच बाजूची साक्षीदार नव्हे. रॉकफॉरेस्टचा दावा आजही गाळावरच उभा आहे. आणि माझ्या मते तो पुरावा चांगला भक्कम आहे.

‘देशी’ ठरवणे हा निर्णय आहे, मोजमाप नव्हे. कोकणातले सुरूचे बन परदेशी वंशाचे म्हणून त्याखाली बसायचे कोणी सोडले नाही. (‘मूळचे कुठले?’ या प्रश्नाची सवय असलेल्या आपल्या मंडळींचे कान इथे टवकारतील. पण झाडाच्या खांद्यावर आपली बंदूक नको.) लावलेला पाइन इथल्या जंगलात उपयोगी पडत असेल तर त्याला खुशाल देशी म्हणावे. त्यासाठी जनुकांना वेठीस धरायचे कारण नाही.

धोका दुसरीकडेच आहे. सगळा पाइन एकच म्हटले, की बी कुठूनही आणून कुठेही लावायला मोकळीक मिळते. रॉकफॉरेस्टच्या आसपास बाहेरची रोपे लागली, तर त्या झाडांत काही वेगळे असल्यास ते कळायच्या आत मिसळून जाईल. तिथले बी निराळे गोळा करून निराळेच राखावे. खरी कसोटी पीटमधल्या जुन्या बुंध्यांची. त्यांतून वाचण्याजोगा डीएनए काढणे अवघड आहे, पण आजच्या झाडांशी त्याची तुलना झाली तरच स्कॉटलंडहून लागवड होण्याआधीचा आयरिश पाइन कसा होता ते कळेल.