जीवाणूंनी खाल्लेले लोखंड जाते कोठे?

जरीपटक्यातील एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात परीक्षक म्हणून जाण्याचा योग आला. आठवीतील तीन मुलांनी मांडलेली ‘खाणीच्या पाण्याचे जैविक शुद्धीकरण’ ही प्रतिकृती तेथे सर्वांत देखणी होती. पुठ्ठ्याचा डोंगर, सलाइनच्या नळीतून उतरणारे नारिंगी पाणी, मध्ये ‘जीवाणू टाकी’ अशी चिठ्ठी लावलेली बरणी आणि शेवटी स्वच्छ पाण्यात प्लॅस्टिकचे मासे. वर तक्ता: ‘जीवाणू विषारी धातू खातात. पाणी शुद्ध होते.’

पाहायला आलेल्या एका मुलीने विचारले, “मग त्यांनी खाल्लेलं लोखंड जातं कुठं?” माहिती सांगणारा मुलगा क्षणभर थांबला आणि म्हणाला, “पचतं.” सगळे हसले. आम्ही तिघा परीक्षकांनी त्या प्रतिकृतीला पहिला क्रमांक दिला. त्या मुलीच्या प्रश्नाला बक्षीस देण्याची सोय प्रदर्शनात नव्हती. म्हणून हे परीक्षण जितके त्या प्रतिकृतीचे, तितकेच आम्हा परीक्षकांचेही आहे.

प्रथम चांगले ते सांगू. नागपूर हे खाणींच्या कारभाराचे शहर. वेस्टर्न कोलफील्ड्स, मॉयल आणि भारतीय खाण ब्यूरो यांची मुख्यालये येथे आहेत. १९५८ साली स्थापन झालेली, आजची ‘नीरी’ ही पर्यावरण संशोधन संस्थाही येथलीच. पुस्तकातील नेहमीचा ज्वालामुखी सोडून मुलांनी आपल्या परिसराचा विषय घेतला, याचे कौतुकच केले पाहिजे. पण तक्त्यावरचे वाक्य चुकीचे आहे, आणि ते मुलांनी मनाने रचलेले नाही. आपल्या विज्ञानविषयक लेखांतून ते सर्रास भेटते.

पहिला आक्षेप ‘खातात’ या शब्दाला. सांडपाण्यातील साखर, मैला, तेल हे कार्बनी पदार्थ जीवाणू खरोखर खातात. त्यांचे रेणू मोडून कार्बन डायऑक्साइड व पाणी बनते. खाणकामातही असे उदाहरण आहे. अमेरिकेतील होमस्टेक या सोन्याच्या खाणीत १९८४ पासून सांडपाण्यातील सायनाइड जीवाणूंकडून मोडून घेतले जाऊ लागले. सायनाइड हे संयुग आहे, ते मोडते. लोखंड, तांबे, मॅंगनीज ही मूलद्रव्ये आहेत. मूलद्रव्य कोणत्याही जीवाणूला मोडता येत नाही. तो फार तर त्याचे रूप पालटतो: विरघळलेले असेल तर साका करतो, साका असेल तर विरघळवतो. सातवीत मूलद्रव्य आणि संयुग यांतला फरक शिकवायचा आणि आठवीत ‘धातू पचतात’ हे ऐकून मान डोलवायची, हे बरे नव्हे.

दुसरा आक्षेप असा, की प्रतिकृतीत जीवाणू फक्त टाकीत आहेत. खरे तर ते डोंगरातही हवेत. खाणीतील पायराइट या लोखंड-गंधकाच्या खनिजाला हवा आणि पाणी लागले की सल्फ्युरिक आम्ल तयार होते. ही क्रिया एरवी मंद असते. आम्लात वाढणारे काही जीवाणू त्यातील लोखंडाचे ऑक्सिडीकरण लक्षावधी पटींनी जलद करतात. असा एक जीवाणू १९४७ साली अमेरिकेतील कोळसा खाणींच्या आम्ल पाण्यातच सापडला. म्हणजे नारिंगी पाणी करणारेही जीवाणू आणि ते निवळणारेही जीवाणू. फक्त जाती वेगळ्या. एकाला प्राणवायू हवा, दुसऱ्याला तो चालत नाही. प्रतिकृतीतला सर्वांत रंजक भागच नेमका गळाला आहे.

तिसरा आक्षेप टाकीबद्दल. तिच्यात काम करतात ते सल्फेट वापरणारे जीवाणू. आपण श्वसनात प्राणवायू वापरतो, तसे ते सल्फेट वापरतात. त्यातून हायड्रोजन सल्फाइड बनतो, धातूंशी त्याचा संयोग होऊन काळा साका तळाला बसतो आणि पाण्याची आम्लताही उतरते. पण यासाठी जीवाणूंना खाद्य द्यावे लागते: शेण, पेंढा, लाकडाचा भुसा, अल्कोहोल. खाद्य संपले की काम थांबते. आणि तो काळा गाळ? तो उघड्यावर टाकला की हवा लागून धातू पुन्हा विरघळू लागतात. मुलीच्या प्रश्नाचे उत्तर हे आहे: लोखंड गाळात जाते, आणि गाळाचे काय करायचे हा प्रश्न माणसांसाठी उरतो. प्रतिकृतीत गाळाला जागाच नव्हती.

चौथा आक्षेप आपल्या परिसराचा. आम्ल पाण्याची ठळक उदाहरणे आपल्याकडे मेघालयातील जैंतिया टेकड्यांत आणि आसामात आहेत, कारण तेथील कोळशात गंधक भरपूर. नागपूरजवळच्या कामठी कोळसाक्षेत्रातील पाणी बहुतांशी उदासीनाच्या आसपास, पण दुष्फेन आणि क्षारयुक्त असते. पाटणसावंगीला अशाच खाणीच्या पाण्यापासून ‘कोल नीर’ हे बाटलीबंद पाणी तयार करण्यात आले, ते गाळण आणि उलट परासरणाने. मनसर, कांद्री, गुमगावकडे मॅंगनीज आहे, आणि मॅंगनीजचा सल्फाइडरूपी साका सहजी बसत नाही. त्याला उलट ऑक्सिडीकरण करणारे, हवा लागणारे जीवाणू हवेत. शिवाय नीरीने गुमगावला जे नावाजलेले काम केले ते टाकीतले नव्हेच. खाणीच्या टाकाऊ मातीच्या ढिगांवर साखर कारखान्याचा प्रेसमड घालून, ऱ्हायझोबियम, ॲझोटोबॅक्टर आणि मुळांवरची बुरशी यांच्या साहाय्याने तेथे झाडे वाढवली. ढीग झाडांनी धरून ठेवला की पावसाबरोबर माती नाल्यात उतरणे कमी होते. घाण झाल्यावर धुण्यापेक्षा ती होऊ न देण्यात सूक्ष्मजीवांचा हा उपयोग अधिक मोलाचा.

हे सारे आठवीच्या मुलांनी मांडावे अशी अपेक्षा नाही. मात्र एक साधा प्रयोग त्यांना जमेल. रशियन शास्त्रज्ञ विनोग्राडस्की यांची ही युक्ती. पारदर्शक बाटलीत तळ्याचा गाळ, वर्तमानपत्राचे कपटे, एक गंजका खिळा आणि फळ्यावरच्या खडूची पूड घाला. आपला नेहमीचा खडू बहुधा जिप्समचा, म्हणजे कॅल्शियम सल्फेटचा असतो. वर पाणी भरा, बूच सैल ठेवा. दुसऱ्या बाटलीत हेच सारे, पण गाळ प्रेशर कुकरमध्ये अर्धा तास शिजवून घेतलेला. (कुकर जुना घ्या, खिचडीचा नको.) काही आठवड्यांत पहिल्या बाटलीचा तळ काळा पडू लागेल. हाच तो लोखंडाचा सल्फाइड. दुसरी बाटली मागे राहील. बाटल्या खिडकीजवळ ठेवा, कुजक्या अंड्यासारखा वास येतो. हुंगायला तोंड जवळ नेऊ नका, आणि हात साबणाने धुवा.

त्या काळ्या थराकडे बोट दाखवून मुलांना विचारा, लोखंड गेले कोठे? मग थोडा गाळ बशीत काढून हवेवर ठेवा. काळा रंग हळूहळू उतरून तांबूस होताना दिसेल. ‘पचतं’ हे उत्तर त्यानंतर कोणी देणार नाही. आणि ‘जीवाणू आहेत ना, सोडा पाणी नाल्यात’ असे उद्या कोणी सांगितले, तर गाळाचा हिशेब मागण्याचे धैर्य त्यांच्यात असेल.

पुढच्या वर्षी परीक्षक म्हणून बोलावले, तर प्रत्येक प्रतिकृतीपुढे मी पहिला प्रश्न त्या मुलीचाच विचारणार आहे.