गोगलगाईच्या जनुकसंचाचे ‘वाचन’ : एक चिकित्सा

गोड्या पाण्यातील ‘बायोम्फालेरिया ग्लॅब्राटा’ या गोगलगाईच्या जनुकसंचावरील शोधनिबंध २०१७ साली ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. माणसाच्या रक्तवाहिन्यांत राहणाऱ्या ‘शिस्टोसोमा मॅन्सोनी’ या परोपजीवी कृमीची ही गोगलगाय मध्यस्थ पोषक होय. कृमीच्या अंड्यातून पाण्यात बाहेर पडलेला जीव तिच्या शरीरात शिरतो, तेथे त्याची संख्या वाढते आणि नव्या रूपात पुन्हा पाण्यात उतरून तो माणसाच्या कातडीतून आत प्रवेश करतो. गोगलगाय नसेल तर ही साखळी तुटते. म्हणून तिच्या जनुकांचा अभ्यास हा रोगनिवारणाचाच एक भाग ठरतो. या कार्याचे मूल्य निर्विवाद आहे. प्रश्न आहे तो त्याचे वर्णन ज्या रूपकाने केले जाते त्याचा. जनुकसंच ‘वाचला’ असे सर्वत्र म्हटले जाते. हे वाचन कोणत्या अर्थी वाचन आहे, हे तपासणे भाषेच्या अभ्यासकाचे काम आहे.

या जनुकसंचाची लांबी सुमारे ९१ कोटी ६० लाख अक्षरजोड्या इतकी आहे. चार अक्षरांच्या या लेखनातील फार मोठा भाग पुनरावृत्तीने भरलेला आहे. संशोधकांनी अक्षरे ओळखली, त्यांचा क्रम लावला आणि त्यातून जनुकांच्या सीमा निश्चित केल्या. भाषाशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर वर्ण व पदे यांची ओळख येथवर झाली. गोगलगाय गंधावरून परिस्थिती कशी ओळखते, उष्णता व विषारी द्रव्ये कशी सोसते, परक्या जीवाला कसा प्रतिकार करते, यांसंबंधीची जनुकेही निबंधात दाखविली आहेत. येथपर्यंत कोशाचे काम झाले. तथापि कोश म्हणजे अर्थबोध नव्हे.

याचे कारण विषयातच आहे. गोगलगाईची एक जात एखाद्या कृमीला आश्रय देते. परंतु त्याच जातीतील एक वाण एका ठिकाणच्या कृमीला बळी पडतो आणि दुसऱ्या ठिकाणच्या कृमीला परतवून लावतो. अर्थात् ‘रोग पसरविणारी’ हा गुण गोगलगाईच्या एकटीच्या जनुकसंचात लिहिलेला नाही. तो गोगलगाय, कृमी आणि पाणवठा यांच्या संबंधात आहे. शब्दाचा अर्थ जसा प्रयोगाशिवाय ठरत नाही, तसाच हा प्रकार होय. २०१७ च्या निबंधातील वाण मूळचा ब्राझीलचा आहे. त्याच्यावरून मिळालेले ज्ञान महाराष्ट्रातील पाणवठ्यांना आपोआप लागू पडत नाही.

महाराष्ट्रात हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी या गावी मूत्रावाटे रक्त जाण्याचा विकार आढळला आणि १९५२ साली गाडगीळ व शहा यांनी तो शिस्टोसोमाजन्य असल्याचे प्रसिद्ध केले. पुढे त्यांनी ‘फेरिसिया टेन्युइस’ हा मध्यस्थ पोषक म्हणून दाखविला. कृमीची ओळख पटविण्यात अंड्याच्या आकाराला महत्त्व होते; टोकाशी काटा असलेले अंडे आफ्रिकेतील ‘शिस्टोसोमा हिमॅटोबियम’शी जुळत होते. मात्र आफ्रिकेत त्या कृमीला आश्रय देणारी ‘बुलायनस’ ही गोगलगाय भारतात नाही. १९९० साली साउथगेट व अग्रवाल यांनी भारतातील मानवी शिस्टोसोमाविषयी पुन्हा शंका उपस्थित केली. आकारसाम्यावरून वंशसाम्य मानावे काय, हाच वादाचा गाभा आहे. २०१२ मध्ये ‘हिमॅटोबियम’चा आणि २०२२ मध्ये ‘बुलायनस ट्रंकॅटस’चा जनुकसंच प्रसिद्ध झाला. तुलनेचे एक टोक आज हाती आहे. दुसरे टोक गिमवीच्या कृमीचेच असावयास हवे, आणि ते वर्णनातून मिळत नाही.

येथे शब्दाचाही परिणाम दिसतो. ‘गोगलगाय अन् पोटात पाय’ या म्हणीत लोकनिरीक्षणाने नेमके तेच लक्षण टिपले आहे, जे ‘उदरपाद’ या शास्त्रीय संज्ञेत आहे. परंतु ‘गोगलगाय’ म्हणताच मराठी मनापुढे वळसेदार कवच उभे राहते. फेरिसियाचे कवच वळसेदार नसून चिमुकल्या टोपीसारखे, दगडाला वा पानाला चिकटलेले असते. ‘गोगलगाईंपासून सावध राहा’ असे आरोग्यपत्रक काढले, तर वाचक नेमक्या त्याच प्राण्याकडे दुर्लक्ष करील.

खानदेशात हाच प्रश्न गुरांच्या बाबतीत उभा राहतो. सुरत-भुसावळ लोहमार्गावरील नरडाण्यासारख्या गावात गुरे ज्या नाल्यांत व बंधाऱ्यांत पाणी पितात, त्या प्रकारच्या पाण्यात राहणारी ‘इंडोप्लॅनॉर्बिस एक्झस्टस’ ही गोगलगाय भारतभर आढळते. ती ‘शिस्टोसोमा’च्या अनेक जातींना आश्रय देते, त्यांपैकी ‘नेझाले’ या जातीमुळे गुरांच्या नाकात गाठी होऊन ती घोरल्यासारखा श्वास घेतात. २०१० मधील जनुकीय अभ्यासाने या एकाच नावाखाली एकाहून अधिक वंशशाखा असल्याचे दाखविले. म्हणजे ज्यावर उपाय योजावयाचा, तो प्राणी एक की अनेक, हेच अद्याप नीट मोजावयाचे आहे.

या प्रदेशातील भाषेच्या अभ्यासकाला असा पेच अपरिचित नाही. ग्रियर्सन यांच्या सर्वेक्षणाच्या १९०७ च्या खंडात खानदेशीला भिल्ली भाषांसोबत स्थान दिले गेले. त्या निर्णयाशी मतभेद होऊ शकतो. परंतु बोलीचे नमुने स्थळानिशी छापलेले असल्यामुळे तो पुन्हा तपासता येतो. जनुकसंशोधनानेही हीच शिस्त पाळावी. गोगलगाय कोणत्या गावच्या कोणत्या पाण्यातली, तिच्यात कोणता कृमी सापडला, तेथे कोणती गुरे येतात आणि लोक तिला काय म्हणतात, ही नोंद व जतन केलेला नमुना हे अक्षरक्रमाइतकेच आवश्यक पुरावे आहेत. त्यांच्यावाचून झालेले वाचन उच्चाराइतकेच शुद्ध, आणि तितकेच अर्थहीन राहील.